कळसामागची पिवळी डोलकाठी

सुरुवातीलाच माफी मागतो. मी लेखक नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही, आणि लिहिणं म्हणजे अर्ज नाहीतर परीक्षेचा पेपर, एवढीच आमची त्याच्याशी ओळख. त्यातून मी लिहायला बसलोय खाडीच्या चिखलाबद्दल, ज्यात मी स्वतः मोजक्या वेळा उतरलो, तेही कुणाच्या तरी मागे मागे. ती वाट ज्यांच्या पायाखालची, त्यांनी हे सांगायला हवं होतं. माझा हक्क असलाच तर एवढाच, की ज्या वर्षी मी कॉलेजात माणसाची स्मृती कशी चालते हे शिकत होतो, त्याच वर्षी आमच्या घरात एक बाई दुसऱ्या बाईला आपल्या आठवणीतली एक वाट शिकवत होती. दोन्ही शिकवण्या मी जवळून पाहिल्या. चुकीचं काही लिहिलं गेलं तर सांभाळून घ्यावं.

आमचं गाव उलव्याच्या अंगाला, खाडीच्या काठावर आहे. गावाच्या तीन बाजूंना आता बिल्डिंगा आहेत आणि चौथ्या बाजूला खारफुटी. खारफुटीतून मिठागराचा जुना बांध जातो. बांधाच्या टोकाला उभं राहिलं की ओहोटीच्या वेळी समोर नुसता चिखल दिसतो, करडा, चकचकीत, सगळीकडे सारखा. परक्या माणसाला ते मैदान वाटतं. नव्या सोसायट्यांतली पोरं फोटो काढायला खाली उतरायला बघतात, तेव्हा बांधावरचं कुणीतरी ओरडून त्यांना मागे बोलावतं. कारण त्या चिखलात वाट एकच आहे. चिखलाच्या खाली शिंपल्यांचा जुना, घट्ट थर आहे, बैलगाडीच्या रुंदीचा. तो माणसाचं वजन पेलतो. त्याच्या दोन्ही अंगांना चिखलाला तळ नाही. वाट वरून दिसत नाही, आणि भरती येऊन गेली की कालची पावलंही उरत नाहीत. ती प्रत्येक वेळी आठवावी लागते.

आमच्या घरात ती आतेला आठवत असे. आते म्हणजे बाबांची थोरली बहीण. नवरा लवकर गेला तशी ती माहेरी परत आली आणि आमच्यातच राहिली. ओहोटी धरून ती चिखलात उतरायची, खुबे म्हणजे खायचे शिंपले काढायची, कधी चिंबोऱ्या मिळाल्या तर त्या, आणि सकाळी उलव्याच्या सेक्टरमधल्या बाजारात कोपऱ्यावर टोपली मांडून बसायची. मला कॉलेजात घालायचं तिनंच बाबांना पटवलं. बाबा पाण्याचा टँकर चालवतात. त्यांना वाटायचं मीही लवकर स्टिअरिंग धरावं. आते म्हणाली, "एक तरी जन घरात असा पायजे, ज्याला शायेब लोकांची भाशा कलंल."

वाट आतेला तिच्या आईनं शिकवली होती. शिकवणी अगदी साधी. काठावर आमच्या देवळाचा कळस, आणि त्याच्या मागे लांब एक टेकडी. टेकडीला मधोमध खिंड होती. चिखलातून परत येताना कळस बरोबर त्या खिंडीत दिसला पाहिजे. तो खिंडीत असेपर्यंत पायाखाली शिंपले आहेत. कळस खिंडीबाहेर सरकला की थांबायचं, पुढचं पाऊल टाकायचं नाही. आतेची आई तिला म्हणायची, "कलस खिंडीभाईर, तू जगाभाईर."

मग विमानतळाचं काम निघालं आणि टेकडी कापली गेली. रोज सुरुंगाचे आवाज यायचे, भांडी वाजायची. काही काळानं ते आवाज आम्हाला ऐकू येईनासे झाले, इतकी सवय झाली. एक दिवस वर पाहिलं तर देवळामागे नुसतं आभाळ होतं. गावातल्या इतर बायकांनी तेव्हाच खाडी सोडली. कुणी घरकामाला लागल्या, कुणी भाड्याच्या खोल्या बांधून निवांत झाल्या. आते काही दिवस घरात बसली, मग टोपली उचलून गेली. परत आली ती हसतच.

"टेकडी नाय तर नाय," ती अंगणात पाय धुताना म्हणाली. "पाय आपले चाललेच होते. मंग मी मधीच उबी राहिले नि वर बगितलं. म्हटलं, कलसामागं आता काय हाय ते तरी बगू. तर डोलकाठी!"

"कसली डोलकाठी?" मी विचारलं.

"त्या नव्या बिल्डिंगवं नाय का उबी, पिवली. आडवा हात हाय तिला."

"आते, ती क्रेन हाय."

"क्रेन का फ्रेन, तुमी म्हना. मना डोलकाठी दिसली. कलसाच्या बरोबर मागं. देवानंच उबी केली जनू."

मीही हसलो. आम्ही सगळेच हसलो. उंच इमारत बांधणाऱ्यांनी उभी केलेली ती पिवळी क्रेन त्या दिवसापासून आमच्या घरात डोलकाठी झाली.

पुढच्या वर्षी आतेचे गुडघे गेले. चिखलात पाऊल रुतलं की ते उपटून काढावं लागतं, त्यात गुडघ्याचा जीव जातो. डॉक्टरनं सांगितलं, खाडी बंद. पण बाजारातल्या कोपऱ्याचं काय? आमच्याकडे बाजारातली जागा कागदावर नसते. रोज टोपली मांडली तर ती तुमची. चार-आठ दिवस रिकामी दिसली की दुसरी कुणीतरी तिथे गोणपाट अंथरते, आणि मग भांडून उपयोग नसतो. आतेनं ती जागा दहा-बारा वर्षं धरून ठेवली होती. ती म्हणाली, जागा जाऊ द्यायची नाही. मग चिखलात कोण उतरणार? आय म्हणाली, "मी जाते."

माझी आय तळोज्याकडची. तिच्या माहेरी शेती होती, खाडी नव्हती. लग्न होऊन आली तेव्हा तिला खुबा कसा उकडतात तेही ठाऊक नव्हतं, असं आते तिला चिडवायची. "भाताच्या चिखलात नि खाडीच्या चिखलात फरक हाय बये. भाताचा चिखल पाय सोडतो."

आते बांधावर बसायची आणि आय उतरायची. एका रविवारी मीही आयच्या मागे गेलो. पोटरीपर्यंत गार चिखल, त्याखाली शिंपल्यांची टोचणी. टोचणी लागली की बरं वाटायचं. बांधावरून आतेचा आवाज यायचा.

"कलस कुटं?"

"काठीवं!" आय ओरडायची.

"काठीच्या कुटल्या अंगाला?"

"मधी!"

"मंग ये पुढं. नि इकडं तिकडं बगू नको, नवरा पलून नाय जायचा!"

आय हसत हसत यायची. मी मात्र पायाखालून नजर उचलत नव्हतो. मी एकदा मुद्दाम बाजूला काठी खुपसून पाहिली होती. काठी पुरी आत गेली आणि हाताला तळ लागला नाही.

त्याच दिवसांत आमच्या मॅडम वर्गात आठवणीवर शिकवत होत्या. आधी गोष्ट मनात शिरते, मग साठून राहते, मग गरज पडली की परत वर काढावी लागते. आणि माणूस विसरतो तेव्हा पुष्कळदा गोष्ट गेलेली नसते, वर काढायचा दोर हातातून सुटलेला असतो. त्या दोराला त्या खूण म्हणत. त्यांनी आम्हाला शब्दांची यादी दिली, थोड्या वेळानं आठवायला सांगितलं, आणि जे शब्द कुणाला आठवेनात ते नुसता इशारा दिल्यावर कसे पटकन आठवले ते दाखवलं. मग म्हणाल्या, तुमच्या घरातली उदाहरणं सांगा.

मी सहसा वर्गात बोलत नाही. माझ्या बोलण्यात गावची बोली येते आणि मागच्या बाकावर कुणीतरी तिची नक्कल करतं. पण त्या दिवशी हात वर केला. आतेची वाट सांगितली, टेकडी सांगितली, क्रेन सांगितली. वर्ग हसला. "क्रेनवर चालणारी आत्या," कुणीतरी म्हणालं. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी फळ्यावरचा हात तसाच ठेवून मला विचारलं, "आणि क्रेन हलली तर?"

 मला हा प्रश्न कधी सुचलाच नव्हता. टेकडी हलेल असं तरी कुणाला वाटलं होतं?

तास संपल्यावर त्यांनी मला थांबवलं. म्हणाल्या, "तुझ्या आत्यांची मला तेवढी काळजी वाटत नाही. त्यांच्या आठवणीचे दोन थर आहेत. एक डोळ्यांचा, खुणेचा. दुसरा पायांचा, सायकल चालवण्यासारखा. तो सहसा पुसला जात नाही. पण आई आत्ता शिकतेय ना? तिच्याकडे फक्त खूण आहे." मग जाता जाता थांबून म्हणाल्या, "आणि पायांचंही एक लक्षात ठेव. पायांना आठवतं ते जुनं आठवतं. खालची जमीन बदलली तर तेच पाय फसवतात."

मी हे सगळं संध्याकाळी जेवताना सांगितलं. शब्द जमेल तसे मराठीत आणले. बाबा भात कालवत ऐकत होते.

"मॅडमना सांग, एकदा येऊन जा," आते म्हणाली. "खुबे खाऊ घालते. बोलली ती खरं हाय. पायांचं खरं हाय."

"आन माजं?" आय म्हणाली.

"तुजे पाय आजून माहेरीच हायत."

सगळे हसले, पण आयचं हसू जरा आखूड होतं. ती म्हणाली की गेल्या आठवड्यात, वाटेत एक ओढा खाडीला मिळतो त्याच्या तोंडाजवळ, वाटेवर असूनही, तिचा पाय मांडीपर्यंत गेला होता. कळस काठीवरच होता. तिनं दोनदा बघितलं होतं.

आते घास चावायची थांबली. "कुटं म्हनलीस?"

आयनं जागा सांगितली. आतेनं ती पुन्हा एकदा सांगायला लावली. मग म्हणाली, "चिखल सरकतो. पयला एवडा नव्हता सरकत." एवढंच. तिकडे भराव पडत होते, पाण्याचे जुने पाट वळले होते. कुठल्या कामामुळे काय झालं हे आम्हाला कुणाला नेमकं कळत नव्हतं. त्या रात्री आतेनं ताटातला भात तसाच ठेवला. 

दुसऱ्या दिवशी मी त्या बांधकामावर गेलो. गेटवर उत्तरेकडचा एक वॉचमन होता. त्याला विचारलं, ही क्रेन किती दिवस राहणार? त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी ती विकत घ्यायला आलोय.

"क्यों, घर में लगानी है?"

मी म्हणालो, गावातल्या लोकांना लागते, खाडीत रस्ता बघायला. त्याला काही कळलं नाही, पण माणूस बरा होता. म्हणाला, बिल्डिंग पूर्ण होत आली, दिवाळीच्या सुमारास ती उतरवतील. मग कुठे नेणार ते त्याला माहीत नव्हतं.

घरी येऊन मी हे सांगितलं आणि आम्ही एक ठरवलं. डोलकाठी उतरली की आयनं उतरायचं नाही. आते गुडघ्यांच्या गोळ्या घेऊन एकदा स्वतः जाईल, पायांनी वाट धरून मध्ये उभी राहील, आणि कळसामागे नवी खूण शोधेल, या वेळी न हलणारी. बाबांनी मध्ये बांबू रोवायचाही प्रयत्न केला. दोन भरत्यांनंतर बांबू आडवा झाला, तिसऱ्या वेळी दिसलाच नाही.

दिवाळी झाली आणि डोलकाठी खरंच उतरली. आधी आडवा हात गेला, मग एकेक तुकडा. देवळामागे पुन्हा आभाळ आलं. आय घरात राहिली. आते मात्र जाऊ शकली नाही, कारण नेमके तेव्हाच तिचे गुडघे सुजले. मोरीपर्यंत जायला तिला भिंत धरावी लागत होती. रोज म्हणायची, उद्या. तिकडे बाजारात कोपऱ्याच्या शेजारी बसणाऱ्या बाईनं आपली टोपली थोडी इकडे सरकवली. मग आणखी थोडी. आय रोज जाऊन बघून यायची आणि घरी येऊन भांडी जरा जास्त आपटायची.

माझी परीक्षा तोंडावर आली होती. घरात अभ्यासाला जागा नाही म्हणून नेरूळला एका वर्गमित्राच्या घरी राहायला गेलो. त्याच्या आईनं मला जेवायला वाढलं, स्वतःच्या मुलासारखं. मला तिथे बरं वाटत होतं आणि बरं वाटण्याचीच भीती वाटत होती. घरून निघताना आतेनं बोटं मोडून माझी दृष्ट काढल्यासारखं केलं आणि म्हणाली, "घरचा विचार करू नको. लिव."

स्मृतीचा पेपर होता त्या सकाळी मित्र आणि मी लवकर निघालो. हवेत धुरकं होतं. पाम बीच रस्त्यावर बस सिग्नलला थांबली, तिथून खाडीपलीकडे उलव्याच्या बिल्डिंगा दिसतात. मी वही मांडीवर ठेवून सहज बाहेर बघितलं. धुरक्यात पिवळं काहीतरी होतं.

डोलकाठी उभी होती.

आधी मला आनंदच झाला, हे मला स्पष्ट आठवतं. मग मी नीट बघितलं. आमच्या गावातून त्या बिल्डिंगा एकामागे एक, चिकटलेल्या दिसतात. खाडीच्या या बाजूनं त्या सुट्या दिसत होत्या. पहिली बिल्डिंग पूर्ण झाली होती, तिच्या डोक्यावर पांढरी टाकी होती. क्रेन तिच्या शेजारच्या, अर्ध्या बिल्डिंगवर होती. तीच क्रेन, तोच पिवळा रंग, तोच आडवा हात. फक्त जागा दुसरी. गावातल्या माणसाला हा फरक दिसायचं काही कारण नव्हतं.

मी आयला फोन लावला. चिखलात जाताना फोन कुणी नेत नाही, तो घरीच असतो. खूप वेळ वाजला. मग आतेनं उचलला.

"आय कुठंय?"

"गेली. डोलकाठी परत आली ना रं, काल सांजचे! तुजी आय नाचायचीच बाकी राहिली. म्हनली, आज जाते, उद्या कोपरा मांडते."

"आते, ती काठी ती नाय. दुसऱ्या बिल्डिंगवर हाय. बाजूच्या."

 मागे कुठेतरी कुकरची शिट्टी झाली. मला वाटलं तिला कळलं नाही, म्हणून मी पुन्हा सांगायला लागलो. तिनं मला मध्येच थांबवलं.

"कललं. कललं मना. जाताना कलस पाठीशी आसतो, तवा शिंपल्यांची टोचनी धरून गेली आसंल. येताना ती वर बगंल." मग आवाज बदलून म्हणाली, "भरतीला आजून वेल हाय. तू पेपर दे."

"आते, तू उतरू नको. होडीवाल्यांना सांग."

"सांगते, सांगते. तू पेपर दे," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

मी बाबांना लावला. ते तळोज्याच्या रस्त्यावर टँकर भरायला उभे होते. त्यांनी एका वाक्यात ऐकून घेतलं. "मी जातो. तू तिथंच राहा. पेपर सोडून येऊन काय करशील? मी पोचतो." मित्र माझ्या तोंडाकडे बघत होता. त्यानं माझी पिशवी स्वतःकडे घेतली. बस चालू झाली होती.

मी पेपर दिला. परीक्षेच्या हॉलबाहेर फोन जमा करावे लागतात. मी माझा त्या टेबलावर ठेवला तेव्हा तो गप्प होता. आत कुणी नेहमीसारखंच खोकत होतं, कुणी पट्टी मागत होतं. एक प्रश्न विस्मरणावर होता, खुणा आणि त्यांचं महत्त्व, उदाहरणासह. मी लिहिलं. मान खाली घालून लिहीत राहिलो, पुरवणीही घेतली. काय लिहिलं ते मला आठवत नाही. खिडकीतून कोपऱ्यातलं आभाळ दिसत होतं, आणि मी मनात एकच हिशेब करत होतो, की पाणी आता कुठपर्यंत आलं असेल. बांधाच्या पायाशी. मग पहिल्या खारफुटीशी. मग कुठपर्यंत.

बाहेर आलो तर फोनवर बरेच फोन येऊन गेले होते. बाबांचे, शेजारच्या काकूचे, काही अनोळखी नंबरचे. मी बाबांना लावला.

"आय?" मी म्हणालो.

"तू ये घरी," बाबा म्हणाले. त्यांच्या मागे खूप माणसं होती.

"बाबा, आय कुठंय?"

"ये तू. सावकाश ये."

आमच्याकडे वाईट बातमी फोनवर सांगत नाहीत. सावकाश ये, असं म्हणतात. ऐकणाऱ्याला वाटेत काही होऊ नये म्हणून. मी लहानपणापासून हे शब्द दुसऱ्यांना सांगितलेले ऐकलेत, त्यामुळे मला ते ऐकल्याबरोबर कळलं. कोण, ते फक्त कळलं नाही. काकूला लावला, तीही म्हणाली, "सावकाश ये रं बाला," आणि रडायला लागली. मित्रानं रिक्षा केली. तो माझ्यासोबत बसला, मी नको म्हणत असताना.

किल्ला जंक्शन गेलं, पूल लागला. पुलाखाली खाडी भरलेली होती, काठोकाठ. एवढं पाणी असताना खाली चिखल आहे, त्या चिखलात वाट आहे, हे कुणाला खरं वाटलं नसतं. मला वाटलं, सकाळी ज्या फोनवर आते बोलली, त्याच फोनवर पुन्हा लावावा. आतेनं उचलला तर आय नाही. आयनं उचलला तर... मी पुढचा विचार केला नाही. हात आपोआप नंबर लावत होता.

फोन वाजला. उचलला गेला. पलीकडे बायकांचा आवाज होता, आणि जवळ कुणाचा तरी श्वास.

"बाला," आय म्हणाली.

 मी मित्राचा हात घट्ट धरला. आय होती. आय बोलत होती. आणि त्याच श्वासात मला कळलं की आता दुसरा प्रश्न मलाच विचारावा लागणार आहे.

"आय, आते कुठंय?"

 आय सपाट आवाजात सांगायला लागली, जसं दुसऱ्या कुणाचं सांगतेय.

"मी फसले होते. कंबरेपर्यंत. कलस काठीवंच होता रं, मी दोनदा बगितला. मंग ती येताना दिसली. काकूला होडीवाल्यांकडं धाडलं नि सोता उतरली, गोल्या खाऊन. सरल आली माज्यापाशी, बगतसुदा नव्हती कुटं. मना भाईर काढलं. म्हनली, आता माज्या मागं चल. माज्या पावलावं पाय ठेव. वर बगायचं नाय, ती काठी बगायचीच नाय. मी पावलंच बगत होते. एक, मंग एक. वड्याच्या तोंडाशी आलो नि पुढं पाऊलच नव्हतं."

मी फोन कानाशी आणखी दाबून धरला.

"पाय बरोबर टाकला व्हता रं तिनं. खाली शिंपलेच नव्हते. मना म्हनली, हितंच ऱ्हा, हलू नको. मी हलले नाय. होडी आली तवा पानी माज्या छातीला लागलं व्हतं."

रिक्षावाल्यानं हॉर्न दिला. समोर आमच्या गावाचा फाटा आला होता.

"तिला मगाशी काडली," आय म्हणाली. "अंगनात ठेवलीय. तू ये. तुज्यासाटी थांबलेत सगले."